‘नोवुस’ : एका लॅटिन विशेषणाची कथा

‘नवा वाडा, नवी वाट, नवें घर’ असें सहज म्हणणाऱ्या माणसाला लॅटिन भाषेंतील ‘नोवुस’ हें विशेषण परकें वाटण्याचें कारण नाहीं. पुल्लिंगीं नोवुस, स्त्रीलिंगीं नोवा, नपुंसकलिंगीं नोवुम. संस्कृतांत नवः, नवा, नवम्. अर्थ एकच, ‘नवा’. हें साम्य उसनवारीचें नव्हे. दोन्ही भाषा एकाच आदिभाषेच्या शाखा असून, या नात्याकडे सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास विद्वानांचें लक्ष वेधलें. ग्रीक ‘नेओस’ व इंग्रजी ‘न्यू’ हे शब्दहि याच कुळांतले. मूळच्या एकाराचा संस्कृतांत अकार झाला, लॅटिनमध्यें ओकार. नोव्हेंबर महिना मात्र या कुळांतला नव्हे. तो ‘नोवेम’ म्हणजे नऊ या संख्येवरून आला.

लॅटिन विशेषण संस्कृताप्रमाणेंच नामाचें लिंग, वचन व विभक्ति यांस अनुसरतें. ‘नोवुस होमो’ म्हणजे नवा माणूस. ज्याच्या घराण्यांत पूर्वीं कोणीं मोठें अधिकारपद भूषविलें नाहीं, असा पुरुष. सिसेरो इसवी सनापूर्वीं ६३ सालीं कॉन्सल झाला, तो असाच ‘नवा’ होता. ‘रेस नोवाए’, अक्षरशः ‘नव्या गोष्टी’, याचा रूढ अर्थ राज्यक्रांति. जुन्या रीतीला मान देणाऱ्या रोमन मनाला नवेपणाचा धाकच अधिक वाटे.

याहून विलक्षण आहे तें या विशेषणाचें तमभावाचें रूप, ‘नोविसिमुस’. शब्दशः ‘सर्वांत नवा’. पण व्यवहारांत ‘शेवटचा’. सीझरच्या गॉल-युद्धाच्या वृत्तांतांत ‘नोविसिमुम आग्मेन’ म्हणजे कूच करणाऱ्या सैन्याची पिछाडी. विसंगति केवळ दिसण्यापुरती आहे. जो सर्वांमागून येतो तोच रांगेंत शेवटीं उभा राहतो.

१५७२ सालीं शर्मिष्ठा तारकासमूहांत एकाएकीं एक तेजस्वी तारा दिसूं लागला. टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदानें १५७३ सालीं त्यावर ग्रंथ लिहून त्याला ‘नोवा स्टेला’ म्हटलें. ‘स्टेला’ म्हणजे तारा हें नाम स्त्रीलिंगी, म्हणून ‘नोवा’. तो तारा नवा नव्हता, हें आज ठाऊक आहे. एका जुन्या ताऱ्याचा स्फोट होऊन अंत झाला, त्याचा तो उजेड होता. आकाशांत जें नवें म्हणून दिसलें, तें त्या ताऱ्याचें शेवटचें दर्शन होतें. ‘नोविसिमुस’ या रूपांत हे दोन्ही अर्थ रोमन लोकांनीं फार पूर्वींच एकत्र नांदविले होते.