सिलिंडर अडते कुठे?

सायकलचे चाक ब्रेकला घासू लागले, तर तुम्ही काय करता? चाक उचलून हाताने फिरवता आणि कान देता. एका फेरीत एकदाच 'खर्र' झाले, तर चाकाची धाव एका जागी वाकलेली असते. सतत घासत असेल, तर ब्रेकचे रबरच जवळ आलेले असते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर अडले की ते तपासणारा शस्त्रकारागीर नेमका असाच विचार करतो.

दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये असताना नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. त्यांतील ५० मीटर थ्री पोझिशन या प्रकारात .२२ चे रिमफायर काडतूस वापरतात. हेच इवलेसे काडतूस काही रिव्हॉल्व्हरांतही चालते.

रिम म्हणजे कड. या काडतुसाच्या तळाला बाहेर आलेली गोल कड असते आणि तिच्या पोकळ घडीत आघाताने पेटणारे मिश्रण भरलेले असते. घोडा पडला की कड चिमटते, मिश्रण पेटते आणि आतली दारू जळते. कडेला आणखी एक काम आहे. काडतूस घरात किती आत जावे, हेही तीच ठरवते. तिची जाडी सुमारे १.१ मिलिमीटर. तिच्या मागे लगेच चौकटीची पोलादी भिंत असते आणि मधली फट एखाद्या केसाच्या जाडीशी तुलना करावी इतकी अरुंद. म्हणजे केसभर काही मध्ये आले, की सिलिंडर अडलेच!

हे 'काही' येते कुठून? रिकामी टरफले बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची एक पट्टी सिलिंडरच्या मागच्या बाजूस असते. न जळलेल्या दारूचा एक कण तिच्याखाली अडकला, तर पट्टी नीट बसत नाही आणि तिच्यावर टेकलेल्या कडा मागे सरकतात. शिवाय .२२ च्या गोळीला मेण किंवा ग्रीस बाहेरूनच लावलेले असते. त्याला धूळ चिकटते व तीच घरात जाते. तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. 'शॉर्ट' नावाची आखूड काडतुसे बरीच झाडली, तर घरात त्यांच्या तोंडापुढे काजळीचे कडे जमते. मग लांब काडतूस त्या कड्यावर अडखळते आणि त्याची कड बाहेर राहते.

उष्णतेला मात्र फार दोष देऊ नका. पोलाद दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांश भाग प्रसरण पावते. ४ सेंटिमीटर लांबीचे सिलिंडर ५० अंशांनी तापले, तर ४० × ०.०००००१२ × ५० हे गणित न करता ४० × ०.००००१२ × ५० हे करा (शून्ये मोजून घ्या, इथेच चुका होतात). उत्तर येते ०.०२४ मिलिमीटर. निरोगी फट यात सहज टिकते. पण सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर काजळी आणि शिसे साचून फट आधीच अर्धी बुजली असेल, तर तापल्यावर ते नळीला घासू लागते.

आता निदान. सिलिंडर रिकामे असताना मोकळे फिरते आणि भरल्यावरच अडते? मग संशय कडांवर. प्रत्येक फेरीत एकाच घराशी अडते? ते एक घर तपासा. रिकामे असूनही फेरीत एकाच जागी जड जाते? आस किंवा दांडा वाकला असावा. पुढच्या तोंडावर घासल्याची चकाकी दिसली, तर दोष पुढच्या फटीत.

यात एक घोटाळा फसवा असतो. '.२२' हे नाव सारखे असले तरी १९५९ साली आलेल्या .२२ मॅग्नमचे टरफल साध्या काडतुसाहून जाड आहे. साधे काडतूस मॅग्नमच्या घरात सैल बसते व झाडल्यावर टरफल फाटू शकते. म्हणून नळीवर कोरलेले पूर्ण नाव वाचतात.

अडलेले, भरलेले सिलिंडर जोर लावून फिरवणे किंवा कड ठोकून आत बसवणे याला नेमबाजीच्या मैदानावर सक्त मनाई असते. कारण उघड आहे: पेटणारे मिश्रण त्या कडेतच आहे. नेमबाज चापावरून बोट काढतो, नळी लक्ष्याकडेच ठेवतो आणि हात वर करून अधिकाऱ्याला बोलावतो. शस्त्र रिकामे झाल्यावर कारागीर आधी कानस उचलत नाही. तो चांदणी वर करतो आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने तिच्याखालची जागा झाडतो. पुष्कळदा तेवढ्याने भागते.