घर लहान, वर्ष तेवढंच

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत साठ-सत्तरच्या दशकांत सोसायट्यांचे प्लॉट पडले आणि नोकरदारांनी कर्ज काढून, कुणी बायकोच्या पाटल्या मोडून, त्यावर बंगले बांधले. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची, पुढे आंबा, मागे कढीपत्ता. यातल्या कितीतरी घरांत आज दोनच माणसं उरली आहेत, दोघंही सत्तरीपुढची. मुलं बंगळुरूला, नाहीतर न्यू जर्सीला. वरच्या खोल्यांची कुलपं दिवाळीच्या साफसफाईपुरती निघतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती आणि हे प्रमाण वाढतंच आहे. तेव्हा ‘बंगला विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जावं का’ हा प्रश्न आता घरोघरी निघतो. त्याभोवतीचे गैरसमजही तितकेच. काही मायेपोटी आलेले, काही आळसातून, आणि एकदोन चांगलेच महागात पडणारे.

गैरसमज : घर लहान झालं की काम आपोआप कमी होतं.

केर-फरशी कमी होते, एवढं खरं. पण मराठी घराचं काम ठरतं ते पंचांगावर. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू भरायचे, ते उन्हं दाखवून, एरंडेल चोळून, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचे. मिरच्यांचे देठ खुडायचे, तिखट आणि गोडा मसाला करायचा, कुरडयांचा चीक शिजवायचा, सांडगे घालायचे, आणि पहिल्या सरीच्या आत कैरीचं लोणचं बरणीत गेलं पाहिजे. पुढे चातुर्मास, गणपती, दिवाळीचा फराळ. या सगळ्याचा कारखाना गच्चीवर चालायचा. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची, तिची किल्ली वॉचमनकडे, आणि ऊन येतं ते गॅलरीत, एका ताटापुरतं.

घर आकसलं आणि वर्ष तेवढंच राहिलं, तर काम वाढतं. तीच पोती, त्याच बरण्या आता पलंगाखाली आणि बाथरूमच्या माळ्यावर जातात, आणि त्या काढायला पंचाहत्तरीचा माणूस स्टुलावर चढतो. म्हणून घराबरोबर वर्षही लहान करायला हवं. गहू पोत्याने न घेता पाच किलोंनी, नाहीतर थेट दळलेलं पीठ. कुरडया-पापड बचत गटाकडून. हौस असेल ते एकच काम हातात ठेवावं, लोणचं किंवा मसाला.

इथे दोघांचं खटकतं. ‘अहो, यंदा कुरडया विकतच आणू या,’ असं ती म्हणते. ‘अगं, विकतच्याला ती चव नसते,’ असं तो म्हणतो. सरकारी नोकरीतून तो ५८व्या वर्षी निवृत्त झालेला असतो. तिला निवृत्तीचा कागद कुणी दिलेलाच नसतो. बायकांचा जीव घरात अडकतो, त्यांना घर सोडवत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. मी पाहिलेल्या घरांत बरेचदा उलटं होतं. ती केव्हाच निघायला तयार होती. अडून बसले होते ते ‘हे’, कारण हप्ते त्यांनी फेडले होते आणि फाटकावर पाटी त्यांच्या नावाची होती. माझं मत विचाराल तर घर किती लहान करायचं, हे तिनेच ठरवावं. तिथे राबायचं तिला आहे.

गैरसमज : मुलं-नातवंडं आली की झोपणार कुठे?

ती वर्षातून दहा-बारा दिवस येतात. उरलेले साडेतीनशे दिवस घरात कोण असतं, ते पाहून घर निवडावं.

गैरसमज : ऊन-पाऊस आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

‘आम्ही पंख्याशिवाय उन्हाळे काढलेत’ हे खरं असेलही, पण तेव्हा वय तिशीचं होतं. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी घटतं. तहान लागेल तेव्हा पिऊ, हा नियम म्हातारपणी फसतो. पाणी घड्याळ बघून प्यावं लागतं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप घालून दिलंय, त्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून.

बंगल्याच्या तळमजल्यावर डोक्यावर आणखी एक मजला आणि अंगणात आंब्याची सावली होती. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्लॅब थेट उन्हात. दिवसभर शोषलेली उष्णता ती मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहते, पश्चिमेच्या भिंतीचंही तेच. ‘वरचा मजला, छान वारा’ हे एजंटचं बोलणं डिसेंबरात पटतं. म्हणून फ्लॅट मे महिन्यात दुपारी तीनला पाहावा आणि रात्री दहाला पुन्हा. एजंटला हा वेळ आवडणार नाही. न आवडू दे.

दुसरी खेप मुसळधार पावसातली. छताचे कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती, कपाटामागची बाजू बघावी. घरात एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर शंका घ्यावी. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, पावसात फाटकापासून लिफ्टपर्यंतची गुळगुळीत फरशी ओली होते का, तेही तेव्हाच कळतं. ‘आम्ही पावसात बाहेरच पडत नाही’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, कारण म्हातारी माणसं पुष्कळदा घरातच पडतात, कित्येकदा रात्री पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर. त्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा आणि संडास-बाथरूममध्ये भिंतीला घट्ट दांडी, एवढं राहायला जाण्याआधीच करून घ्यावं. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. छोट्या फ्लॅटच्या बाथरूमचं दार आत उघडतं. आतला माणूस दाराशीच पडला तर बाहेरच्याला ते ढकलताही येत नाही. सुतार बोलावून दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या.

आता थंडी. गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे पहाटे पाचचं फिरणं उन्हं वर येईपर्यंत पुढे ढकलणं बरं. बंगल्यातल्या न्हाणीघराला वर जाळी होती, चार बाजूंनी वारा होता. फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवला तर वायू बाहेर जायला वाट राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आतल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. गिझर विजेचा असावा, नाहीतर गॅसचा बाथरूमबाहेर हवेशीर जागी.

गैरसमज : सामान मुलांना हवंच असतं.

नको असतं. शिसवी कपाट त्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि रुखवतातली पितळी भांडी त्यांच्या शेगडीवर बसत नाहीत. विचारलं तर ‘राहू दे सध्या’ म्हणतात, तो नकारच समजावा. पुण्याच्या जुन्या बाजारात तांब्या-पितळेला मोडीचा भाव मिळतो. घंगाळाची घडण कितीही सुरेख असो, वजनाचे पैसे. काकासाहेब केळकरांनी असल्याच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, जमवून अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं, पण म्हणून आपल्या माळ्यावरचा प्रत्येक अडकित्ता तिथे शोभेल असं नाही. मात्र माळ्यावर मोडी कागद, जुन्या रोजनिश्या, जमाखर्चाच्या वह्या निघाल्या तर त्या रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवाव्यात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच दफ्तरांवर उभं आहे. बाकीचं हातीपायी धड असतानाच वाटून टाकावं, घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून.

गैरसमज : बंगला विकला की बँकेत रास.

विक्रीची रक्कम आणि हातात राहणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं. दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के. त्याआधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करायची मुभा आहे. यातला कमी कर भरावा. घर १ एप्रिल २००१च्या आधीचं असेल तर बांधकामाच्या जुन्या खर्चाऐवजी त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्यावा. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर तेवढ्या नफ्यावरचा कर सुटतो. गोम अशी, की लहान घर नफ्यापेक्षा स्वस्त असलं तर वरचा नफा करपात्रच राहतो. त्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवून तो वाचवता येतो.

नव्या घराचं मुद्रांक शुल्क पुण्यात उपकरांसह ७ टक्के, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. दोघांच्या नावावर घेतलं की ती जाते. त्याखेरीज दर महिन्याची सोसायटीची वर्गणी मरेपर्यंत आहेच.

गैरसमज : मुलाच्या नावावर केलं की काळजी मिटली.

मुलांना, नातवंडांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये (काही शहरांत उपकर वेगळा), आणि याच स्वस्ताईला लोक भुलतात. बक्षीसपत्र नोंदलं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण ती अट कागदात लिहिलेली नसेल तर ती होती हे सिद्ध करताना दमछाक होते. मृत्युपत्र त्यापेक्षा सरस. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि जिवंतपणी हवं तेव्हा बदलता येतं. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणून मृत्युपत्र नको, असंही नाही. नॉमिनी मालक होत नसतो, वारसाहक्क वेगळा ठरतो.

‘दोघांतलं एक गेल्यावर बघू’ हा यातला सगळ्यात वाईट बेत. तेव्हा जे मागे राहतं, त्याला घर, कागद आणि एकटेपणा एकाच वर्षात निस्तरावा लागतो.

ज्यांना जमेल त्यांनी बंगला एकदम विकू नये. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर मनातल्या भागात लहान फ्लॅट भाड्याने घ्यावा आणि उन्हाळा, पावसाळा, थंडी तिथे काढून पाहावी. नाही पटलं तर किल्ली खिशात आहेच. पटलं तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सामान हलवा, आणि विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी मृत्युपत्र लिहून ठेवा, दोघांनी स्वतंत्र.