शिरवळला बघण्यासारखं काय आहे? (माफीनाम्यासह)

आजचा भाग थोडा वेगळा आहे, कारण आज मला आधी माफी मागायची आहे.

मागे एका भागात पुणे ते सांगली प्रवासाबद्दल बोलताना मी अगदी सहज म्हणून गेलो होतो, "शिरवळला काय, चहा प्यायचा आणि पुढे निघायचं, बघण्यासारखं काही नाही." माझे मामा शिरवळचे. त्यांनी तो भाग ऐकला. पोरानेच मोबाईलवर लावून दिला म्हणे. रात्री फोन आला. "अरे, सहा वर्षं कॉलेजला आमच्या दारावरनं गेलास. एकदा तरी उतरलास का? न उतरता बघण्यासारखं काही नाही हे कसं कळलं तुला?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. म्हणून गेल्या रविवारी उतरलो.

आता मुळात शिरवळ कुठे, ते सांगतो. पुण्याहून निघालात की नीरा नदी लागते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. पूल ओलांडला की पहिलं मोठं गाव शिरवळ, तालुका खंडाळा. (लोणावळ्याचा खंडाळा नव्हे, हा साताऱ्याचा. दरवेळी सांगावं लागतं.) हायवे गावाच्या कडेने जातो, त्यामुळे आपल्याला दिसतात फक्त कंपन्या, हॉटेलं आणि पेट्रोलपंप. गाव आत राहतं.

मामांनी मला सगळ्यात आधी नेलं ते पाणपोईला. मी म्हटलं, मामा, पाणपोई काय बघायची? रांजण आणि वर पत्रा. ते काही बोलले नाहीत. जुन्या पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला ही दगडी वास्तू उभी आहे. ठेंगणी, जाड दगडांची. देऊळ नाही, थडगं नाही, कुणा राजाचा पुतळाही नाही. वाटसरूला पाणी मिळावं एवढ्यासाठी कुणीतरी दगड घडवून कायमची इमारत बांधली! अशा जागेला संस्कृतात 'प्रपा' म्हणतात, आणि आपला 'पोई' हा शब्द त्याच घरातला. विहीर खोदणं, झाडं लावणं, तसं पाणपोई घालणं हे पुण्याचं काम समजलं जायचं. पण बहुतेक पाणपोया उन्हाळ्यापुरत्या. दगडात बांधलेली पाणपोई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आणि खरं सांगू? तिच्या सावलीत उभा राहून मी वीस रुपयांची बाटली उघडली. मामांनी बघितलं. तेव्हाही काही बोलले नाहीत.

पण इथेच पाणपोई का? कारण हा रस्ता फार जुना आहे. याचा पुरावा गावाजवळच्या डोंगरात आहे, पांडवदऱ्यात. नाव पांडवांचं असलं तरी ही लेणी बौद्ध आहेत. आपल्याकडे कुठल्याही जुन्या गुहेला लोक पांडवांचं नाव देतात, त्यातलाच हा प्रकार. साधारण पंधरा खोदकामं आहेत. अजिंठ्याची चित्रं डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल. इथे मूर्ती नाहीत, नक्षी जवळजवळ नाही. एक छोटं चैत्यगृह, त्यात साधा दगडी स्तूप, आणि भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी अशा खोल्या.

मजा पुढे आहे. फोनवर नकाशा उघडा आणि चार ठिपके टाका. महाडजवळची गांधारपाले लेणी, मग शिरवळ, मग वाईजवळ लोहाऱ्याची लेणी, मग कराडची आगाशिव. चारही बौद्ध. कोकणातून वरंध घाट चढून भोरमार्गे देशावर यायचं आणि पुढे दक्षिणेला उतरायचं, ती वाट या ठिपक्यांतून डोळ्यांसमोर येते. भिक्खू भिक्षेवर जगणारे, व्यापारी दान देणारे, त्यामुळे लेणी रस्त्यापासून फार लांब जात नाहीत. म्हणजे आपली एसटी ज्या पट्ट्यातून पळते तिथली वर्दळ सुमारे दोन हजार वर्षांची आहे.

तिथून नदीवर आलो, सुभानमंगळला. हा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला. तुम्हाला तटबंदी, दरवाजा असं काही अपेक्षित असेल तर थांबा. नीरेच्या काठावर अवशेष उरलेत, झाडोरा वाढलाय, आणि कुणी दाखवलं नाही तर किल्ला कुठाय हे कळणारही नाही. मी मघाशी त्याच्यावरूनच चालत गेलो होतो!

पण 1648 साली इथे जे झालं ते लहान नाही. आदिलशाहीने फत्तेखानाला शिवाजी महाराजांवर पाठवलं. महाराज तेव्हा अठराएक वर्षांचे, म्हणजे माझ्या बऱ्याच श्रोत्यांच्या वयाचे. खानाच्या बाजूच्या बाळाजी हैबतरावाने सुभानमंगळ घेतला. महाराजांनी पुरंदरावरून कावजी मल्हारला माणसं देऊन पाठवलं, लढाई झाली, हैबतराव पडला आणि कोट परत मिळाला. कवींद्र परमानंदांच्या संस्कृत 'शिवभारता'त हे सविस्तर आलंय. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक. प्रतापगडाला आपण सहली नेतो. इथे त्या दिवशी मी, मामा आणि एक म्हैस.

काठावर बसून मामा कालव्यांबद्दल बोलायला लागले. माझ्या एका श्रोत्याने स्कॉटलंडच्या फॉलकर्कचा व्हिडिओ पाठवला होता. तिथे 2002 साली सुरू झालेलं एक प्रचंड चाक आहे, ते अख्खी बोट एका कालव्यातून उचलून वरच्या कालव्यात ठेवतं. लोक लांबून बघायला येतात. नीरेचे कालवे बोटींसाठी नाहीत, शेतीसाठी आहेत. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी डावा कालवा काढला. वर भाटघरचं आजचं धरण 1928 साली पुरं झालं, आणि शिरवळच्या खालच्या अंगाला वीर धरण आहे. डावा कालवा बारामती-इंदापूरकडे, उजवा फलटण-माळशिरसकडे. तिकडचा ऊस या पाण्यावर उभा आहे. "पाणी आमच्या दारावरनं जातं आणि भिजतं दुसऱ्यांचं रान," मामा म्हणाले. "तुझ्या एसटीसारखंच."

वेळ असेल तर नायगावही करा, शिरवळपासून जवळ आहे. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव, जन्म 3 जानेवारी 1831. लहानपणी त्या शिरवळच्या बाजाराला यायच्या आणि इथेच एका मिशनऱ्याने त्यांना पहिलं पुस्तक दिलं, अशी गोष्ट सांगतात. तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं.

जायचं असेल तर लेण्यांसाठी चांगले बूट घाला, टॉर्च न्या, पाणी घरून भरून न्या. पावसाळ्यात वाट निसरडी असते. भिंतींवर नावं कोरू नका, आधीच बरीच बदाम-बाण मंडळी तिथे पोचलीत. सुभानमंगळला जाताना गावातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, मॅपवर विसंबू नका.

निघताना मामांनी सुपारी कातरत विचारलं, "मग, आता काय सांगणार मोबाईलवर?" म्हटलं, चुकलो म्हणून सांगणार. "ते सांग," ते म्हणाले, "आणि पाणपोईच्या कडेला गाड्या लावू नका म्हणावं."