बॉनेट उघडण्याआधी

इंजिनाचा भाग साफ करताना इंजिन थंड हवं. तापलेल्या धातूवर तेलकट मळ काढणारा डिग्रीझर लगेच सुकतो, डाग राहतात, हातही भाजतो.

आधी सुका कचरा. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं काढा. तिथली निचऱ्याची भोकं तुंबली, तर पावसाचं पाणी थेट केबिनमध्ये उतरू शकतं.

बॅटरी. निगेटिव्ह वायर आधी काढा, जोडताना शेवटी जोडा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून घासा. सोडा आम्ल मारतो. सुकल्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

झाकून ठेवा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, उघडे कनेक्टर. प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरे.

पाणी बेतानं. प्रेशर वॉशर नको. डिग्रीझर फवारा, पाचेक मिनिटांनी ब्रशने घासा, ओल्या फडक्यानं पुसा. पूर्ण सुकल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

चकाकी. ड्रेसिंग प्लास्टिकच्या कव्हरांपुरतं. बेल्टवर लागलं तर तो घसरतो.

नारिंगी केबल. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत हा उच्च दाबाच्या विजेचा इशारा. तिथे हात लावू नका; काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा.