चादर विकताना गादीची जाडी विचारा
झोपण्याच्या खोलीत आराम वाटावा म्हणून गिऱ्हाईक रंग पाहते. दुकानदार बंधूंनी आधी गादीची जाडी विचारावी. ७२ बाय ७८ इंची पलंगावर ८ इंची गादी असेल, तर दोन्ही बाजू धरून रुंदी ८८ इंच होते. मग ९० इंची चादर खाली खोचणार कशी? रात्रभर निसटते, झोपमोड होते. तिथे १०८ बाय १०८च द्यावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते तेही धरावे. उकाड्यात सुतीच बरे, घाम शोषते. शंका असेल तर धागा जाळून पाहा : सुताची मऊ राख, पॉलिस्टर असेल तिथे कडक गाठ. मिलावट ‘शुद्ध सुती’ म्हणून खपवणे ही तिजारत नव्हे. थंडीसाठी जाड सोलापुरी चादर पायथ्याशी घडी करून ठेवायला सांगावे.