दलित ख्रिस्ती स्त्री आणि तिची मंडळी

1855 साली ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्रात एका मांग मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्हा महार-मांगांचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात केला होता, हे आपल्या चळवळीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच निबंधात तिने आपल्या बाळंतिणींविषयीही लिहिले होते. डोक्यावर छप्पर नसताना त्या बाळंत होतात, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे तिने मांडले होते. आपल्या व्याख्यानांत पहिला सवाल येतो, दुसरा गळतो. मला हे दोन्ही एकच वाटतात. कोणता धर्म आपला, याचे उत्तर बाईला तिच्या बाळंतपणात, मयतीत आणि लेकीच्या लग्नात कोण उभे राहते यावरून मिळत असते.

‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) निघाले. अमेरिकन मराठी मिशनचे हे ठाणे 1831 पासूनचे. सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा येथेच होत्या आणि त्या पाहून जोतीरावांना पुण्यात तसे काम करण्याची प्रेरणा मिळाली. पुढच्या अर्धशतकात नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि काही प्रमाणात मांगवाड्यांतून माणसे कुटुंबेच्या कुटुंबे बाप्तिस्मा घेऊ लागली. या धर्मांतराची चर्चा करताना आपण भाकरीसाठी झाले की स्वाभिमानासाठी, एवढ्यावरच भांडत बसतो. बायकांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. पाटी हातात घेतलेली, सभेत उभी राहून प्रार्थना करणारी, प्रभुभोजनाच्या वेळी पुरुषांनी उष्टावलेल्या प्याल्याला तोंड लावणारी महाराची बाई, हे दृश्य त्या काळच्या गावगाड्यात दुसरीकडे कोठे दिसणार होते? जिची सावली विटाळ करीत होती तिच्या हाती मंडळीने पुस्तक दिले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण मंडळीने बाईचा स्वीकार केला म्हणजे ती मंडळीची झाली, असे मात्र होत नाही. स्वीकारात एक देणारा असतो आणि एक घेणारी. मिशनच्या काळात देणारी मडमसाहेब होती. मडमसाहेब गेल्यावर ती जागा पाळकांनी आणि पंचांनी घेतली. घेणारी आहे तेथेच राहिली.

बायबल बायांचे उदाहरण घ्या. त्या दलित ख्रिस्ती बायकांतल्या पहिल्या पगारी, साक्षर बायका. पायी गावोगाव हिंडायच्या, ओसरीखाली उभ्या राहून वाचून दाखवायच्या, आजारी बाईला काढा द्यायच्या, सुनेला अक्षर शिकवायच्या. मंडळी खेड्यात रुजली ती बऱ्याच अंशी यांच्या चालण्यावर. त्यांचा पगार मात्र सामान्यतः पुरुष उपदेशकाहून कमी असे आणि मिशनच्या अहवालांत त्यांची कामगिरी भेट दिलेल्या घरांच्या आणि ऐकणाऱ्या बायकांच्या आकड्यांत मावे. गावातल्या सवर्ण बाईने तिला ओसरीवर चढू दिले तर तो मिशनचा विजय म्हणून नोंदला जाई. बायबल बाईला त्या ओसरीवर बसताना काय वाटत होते, हे तिनेच लिहायला हवे होते, आणि लिहिण्याइतकी सवड तिला कोणी दिली नाही.

लिहिण्याची सवड ज्यांना मिळाली त्या बहुतेक सवर्ण घरांतून आलेल्या. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते उच्चवर्णीय विधवांसाठी. दुष्काळाने माणसे देशोधडीला लागली तेव्हा, 1897 च्या सुमारास, केडगावच्या मुक्तीत नाना जातींच्या मुली आल्या आणि कामाचे स्वरूप बदलले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीचे भूषणच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी राखली आणि एकेक पायरी उतरत ती सोडली, हे त्यांनी विलक्षण प्रामाणिकपणे सांगितले आहे. या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार आहे. मात्र तो प्रवास उतरण्याचा आहे. ज्या बायकांच्या पाण्याला शिवायचे की नाही हा लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न होता, त्या बायका आधीपासूनच मंडळीत बसलेल्या होत्या. त्यांच्या बाजूने तीच कथा कशी दिसली असती? ते पुस्तक आपल्याकडे अजून यायचे आहे. तमिळमध्ये ते 1992 साली आले. बामा यांचे ‘करुक्कु’. कॅथलिक घरात जन्मलेली दलित मुलगी सेवेच्या ओढीने जोगीण होते आणि मठाच्या भिंतीआड आपल्या जातीविषयी काय बोलले जाते ते ऐकून बाहेर पडते. मठात तिचा स्वीकार झालेला होताच. आपलेपणा मिळाला नाही.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. रविवारी बायका एका बाकावर बसतात, एकाच ‘उपासनासंगीता’तून गातात. मयत झाली की महिला मंडळाच्या बाया जात न विचारता येतात, चूल पेटवतात, रात्र काढतात. हे खरे आहे, आणि कोणत्याही पंचाने ठराव करून हे घडवलेले नाही. बायकांनी ते आपल्या आपण उभे केले. प्रश्न सुरू होतो तो लग्नाच्या बोलणीपासून. महार ख्रिस्त्याची मुलगी मांग ख्रिस्त्याच्या घरात द्यायची म्हटले की, “मंडळी एक आहे, पण पाहुणपण वेगळे,” असे उत्तर मिळते. आडनावे तर बाप्तिस्म्यानेही बदलली नाहीत. साळवे, गायकवाड, भालेराव जसेच्या तसे राहिले आणि त्यांच्यावरून वाडा अचूक ओळखला जातो. दुःख याचे की, ही पोटजातीची राखण घरात बाईच करते. सोयरीक जुळवणारी तीच, मोडणारीही तीच. तिला दुसऱ्या कोणत्याही कारभारात शब्द नसतो. एवढा एकच कारभार तिच्याकडे असतो, म्हणून ती तो घट्ट धरते. याचे समर्थन होऊ शकत नाही, पण कारण समजून घ्यावे लागेल.

कारभाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाली आणि सहा वेगवेगळे पंथ एक झाले. पंथ एक होऊ शकले. पाळकाच्या आसनावर बाई बसायला मात्र फार वेळ लागला. दक्षिण भारताच्या मंडळीने 1976 पासून स्त्रियांना दीक्षा दिली, तरी पहिली स्त्री बिशप व्हायला 2013 साल उजाडले. कॅथलिकांत तर तो दरवाजाच बंद आहे. गावच्या मंडळीत हिशेब, जमीन, शाळा यांची चर्चा पुरुष करतात आणि चहा महिला मंडळ करते.

टाकलेल्या बाईच्या बाबतीत हे सर्वांत जास्त झोंबते. 1869 च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर मारहाण किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसता मार खाणाऱ्या किंवा नुसत्या टाकून दिलेल्या बाईला सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने 2001 मध्ये कायदा दुरुस्त केला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पन्नास वर्षे! एवढ्या काळात मंडळीने अशा बाईला काय दिले? प्रार्थना दिली, क्षमेचा उपदेश दिला आणि पुष्कळदा नवऱ्याच्याच घरी परत पाठवली.

मंडळीच्या बाहेर राज्यसंस्था उभी आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती राहिले बाहेर. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात घालण्यात आले आहे. सवलतींचा भाग बाजूला ठेवा. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता असल्याने, बौद्ध बहिणीवर हात पडला तर तो लागू होतो आणि ख्रिस्ती बहिणीवर पडला तर होत नाही. हात टाकणारा मात्र दोघींना एकाच वाड्यातल्या म्हणून ओळखतो. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली होती. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचे प्रकरण आले. बाप हिंदू, आई ख्रिस्ती, लहानपणीच बाप्तिस्मा झालेला. कारकुनाच्या जागेसाठी तिने आपण हिंदू असल्याचे सांगून जातीचा दाखला मागितला. ती नियमित चर्चला जाते, या मुद्द्यावर न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. चर्चला जाणे हा तिच्याविरुद्ध पुरावा झाला.

डॉ. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिले आहे. ते लिखाण त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. माणूस ख्रिस्ती झाला की आपले कर्तव्य संपले असे मिशनरी समजतात आणि त्याच्यावरच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध उभे राहत नाहीत, हा त्यांचा आक्षेप आजही मंडळीला लागू आहे. थोडा आपल्यालाही लागू आहे. दलित चळवळीने ख्रिस्ती बाईला ‘ती तर मिशनची’ म्हणून सोडून दिले. आपल्या मेळाव्यांत, अंकांत, अभ्यासवर्गांत तिला बोलावले नाही.

दरवर्षी 10 ऑगस्टला दलित ख्रिस्ती काळा दिवस पाळतात. मोर्च्यात बायका असतात, मुलांना काखेत घेऊन, उन्हात बसलेल्या. मागणी दर्ज्याची असते. मंडळीच्या पंचात बाईला जागा, लेकीच्या लग्नात पोटजात न पाहण्याचा ठराव, टाकलेल्या बाईसाठी मंडळीच्या निधीतून वकील, या गोष्टी त्या निवेदनात घालायला सरकारची परवानगी लागत नाही. ते निवेदन कोण लिहिते आणि लिहिताना महिला मंडळाला विचारतो का, एवढे पुढच्या ऑगस्टपूर्वी पाहावे.