पत्ता कोणाचा, कंपनीचा की घराचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नृसिंहवाडीत कुणाचे घर शोधायचे असेल तर पत्त्याची चिठ्ठी लागत नाही. एसटीतून उतरायचे आणि देवळाच्या वाटेवर हार-फुले विकणाऱ्या बाईंना नाव सांगायचे. त्या आधी विचारतात, "कोण आपण? कुठून आलात?" मग हात करून दार दाखवतात. संध्याकाळपर्यंत त्या घरी निरोपही जातो की, अमुक वर्णनाचा माणूस तुम्हाला विचारत आला होता. आपला पत्ता साऱ्या गावाला ठाऊक असूनही त्याची कधी भीती वाटत नाही, ती यामुळेच. तिथे पत्ता विचारणाराही दिसतो.

सरकारी दप्तरातल्या पत्त्याचे तसे नसते. तो कोणी पाहिला, कशासाठी पाहिला, हे आपल्याला कळत नाही. कंपनीचा संचालक होताना आपण कोणकोणते पत्ते लिहून देतो, ते पुढे कुठे जातात आणि त्यांतला कोणता निवडणे आपल्या हातात असते, याबद्दल आज बोलायचे आहे. हा विषय मुंबईच्या बड्या मंडळींचा आहे असे कुणाला वाटेल. पण इचलकरंजीतले यंत्रमागवाले, जयसिंगपूरचे व्यापारी आता प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढतात. शेतकरी उत्पादक कंपनीला तर किमान पाच संचालक लागतात आणि ते बहुधा शेतकरीच असतात. सहकारी सोसायटीच्या संचालकाला लागू होणारा कायदा वेगळा; इथे बोलतो आहोत ते कंपनी कायद्याखालच्या संचालकाविषयी.

समजा, वाडीत एका कुटुंबाचे पेढ्यांचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहणे. कवठाची बर्फी आणि बासुंदी पुण्या-मुंबईला पाठवायची म्हणून थोरल्या मुलाने कंपनी काढायचे ठरवले. प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक हवेत. एक तो, दुसरी त्याची बायको. सल्लागार फॉर्म भरायला बसला. रजिस्टर्ड ऑफिस? घरचाच पत्ता. संचालकांचा राहण्याचा पत्ता? तोच. कंपनीचा ई-मेल आणि मोबाइल? सल्लागार म्हणाला, "माझाच टाकतो, ओटीपीची कटकट नको तुम्हाला." अर्ध्या तासात काम उरकले. त्या अर्ध्या तासात सुनेला कुणी सांगितले नाही की, तिचे नाव आणि ती राहते ते घर आता एका सार्वजनिक नोंदीचा भाग होणार आहे.

रजिस्टर्ड ऑफिसपासून सुरुवात करू. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीची नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तिचे असे कार्यालय असावे लागते, जिथे आलेले टपाल स्वीकारून पोच देता येईल. बाहेर नावाची आणि पत्त्याची पाटी हवी, आणि ती गावात चालणाऱ्या लिपीतही हवी. हाच पत्ता कंपनीच्या पत्रांवर, बिलांवर छापायचा. घराचा पत्ता द्यायला कायद्याची काहीच हरकत नाही. मालकीचा कागद किंवा भाडेकरार, अलीकडचे वीजबिल आणि मालकाचे ना हरकत पत्र एवढे जमले की झाले. म्हणूनच बहुतेक जण घराचा पत्ता देऊन मोकळे होतात.

पण एकदा तो दिला की पसरत जातो. कंपनीने जीएसटी घेतला की व्यवसायाचे मुख्य ठिकाण म्हणून तोच लिहिला जातो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर घालून तो कोणालाही पाहता येतो. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता लागतो. ग्राहकाने तक्रार कुठे करावी यासाठी फोन नंबर आणि ई-मेलही छापावा लागतो. म्हणजे बासुंदीच्या डब्यावर घरचा पत्ता आणि घरातला मोबाइल छापून गावोगाव जाणार. डब्यावर पत्ता असणे चांगलेच आहे. खाणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे. त्यासाठी सुनेचा मोबाइल मात्र लागत नाही.

दुसरा पत्ता संचालकाच्या राहण्याचा. इथे निवड नाही. प्रत्येक कंपनीला संचालकांची एक नोंदवही ठेवावी लागते. तीत जन्मतारीख, आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावे, राहण्याचा सध्याचा आणि कायमचा असे दोन्ही पत्ते लिहायचे असतात. कलम १७१ प्रमाणे ही वही कोणताही भागधारक कामाच्या वेळेत पाहू शकतो आणि तिची प्रतही फुकट मागू शकतो. याशिवाय नोंदणीच्या वेळी जे कागद निबंधकाकडे जातात, त्यांत मेमोरँडमखाली सही करणाऱ्यांचे पत्ते असतात, संचालकाच्या संमतिपत्रात पत्ता असतो. कलम ३९९ खाली निबंधकाकडचे कागद शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. हे शुल्क आहे शंभर रुपये.

यात नवे काय? १९५६च्या जुन्या कायद्यातही संचालकाचा नेहमीचा राहण्याचा पत्ता नोंदवहीत असे, आणि बाहेरच्या माणसालाही थोडे पैसे भरून ती पाहता येई. फरक पडला तो कष्टांत. तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कंपनीचे कागद पाहायचे तर पुण्याला निबंधकाच्या कचेरीत जावे लागे, अर्ज करावा लागे, कारकुनासमोर उभे राहावे लागे. २००६ साली कंपनी व्यवहार मंत्रालयाची एमसीए-२१ ही संगणकीय व्यवस्था आली आणि संचालकांना डिन नंबर मिळू लागले. त्यानंतर पुढची काही वर्षे तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की संचालकांच्या यादीत त्यांचा राहण्याचा पत्ताही दिसत असे. तिथून तो खासगी संकेतस्थळांनी उचलला. सरकारने पान बदलले तरी उचललेले परत येत नाही. नवी कंपनी नोंदली की आठवड्याभरात करंट अकाउंट, विमा आणि ट्रेडमार्क विकणाऱ्यांचे फोन का सुरू होतात, हे आता वेगळे सांगायला नको.

इंग्लंडमध्ये हीच अडचण जिवावर बेतली तेव्हा सुटली. हंटिंग्डन लाइफ सायन्सेस या कंपनीत प्राण्यांवर प्रयोग होत. तिच्याविरुद्ध उग्र आंदोलन चालू असताना २००१ साली तिच्या व्यवस्थापकीय संचालकावर त्याच्या घराबाहेरच हल्ला झाला. २००२ पासून धोका असलेल्या संचालकांना घरचा पत्ता गुप्त ठेवण्याचा आदेश मिळू लागला, आणि १ ऑक्टोबर २००९ पासून ही सोय सर्वांनाच मिळाली. तिथला संचालक आता दोन पत्ते देतो. एक पत्रव्यवहाराचा, जो सगळ्यांना दिसतो आणि कंपनीच्या कार्यालयाचाही चालतो. दुसरा घराचा, जो सरकारकडे राहतो आणि ठरावीक सरकारी यंत्रणांना व पतमापन संस्थांनाच मिळतो. संचालक सापडलाही पाहिजे आणि त्याचे घर उघडेही पडता कामा नये, या दोन्ही गरजा त्यात भागतात.

आपल्याकडे असा दुसरा पत्ता अजून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायद्याने जी माहिती जाहीर करणे भाग आहे आणि तशी ती जाहीर झाली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिले आहे. म्हणजे ज्या दारातून पत्ता बाहेर पडतो, त्या दाराला त्याने कुलूप लावलेले नाही. माझ्या मते कंपनी कायद्यातच दुरुस्ती हवी, आणि त्यासाठी इंग्लंडसारखी मारहाण होण्याची वाट पाहू नये.

तोवर आपल्या हातात काय आहे? रजिस्टर्ड ऑफिस घरापासून वेगळे काढणे, ही पहिली आणि मोठी गोष्ट. कुरुंदवाडला किंवा जयसिंगपूरला एक लहान गाळा, ओळखीच्याच्या दुकानातली खोली, काहीही चालेल. पण तिथे रोज कोणीतरी दार उघडणारे आणि टपालाची सही करून घेणारे हवे. सल्लागाराच्या ऑफिसचा पत्ता देण्याची पद्धत आहे. एकाच दारावर पंधरा कंपन्यांच्या पाट्या मी पाहिल्या आहेत. मालकाची संमती असेल तर ते बेकायदा नाही, मात्र २०१९च्या दुरुस्तीनंतर कंपनी खरोखर काम करते की नाही याची शंका आली तर निबंधक प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करू शकतो, आणि कंपनीचे नाव काढून टाकण्याची कारवाईही सुरू करू शकतो. हा निर्णय कंपनी काढतानाच घ्यावा. नंतर वाडीतून जयसिंगपूरला हलायचे तर गावाची हद्द ओलांडली म्हणून भागधारकांचा विशेष ठराव लागतो.

ई-मेल आणि मोबाइलचे दोन भाग करावेत. कंपनीसाठी एक वेगळा ई-मेल आणि एक वेगळे सिमकार्ड घ्यावे; डब्यावर, पाटीवर, फॉर्मवर तेच द्यावे. संचालकाच्या केवायसीसाठी मात्र स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ई-मेल द्यावा. २०१८ साली ही केवायसी सुरू झाली तेव्हापासून त्यावर ओटीपी येतो. सल्लागाराचा नंबर दिला की आपला खासगीपणा राखला गेला असे काहींना वाटते. खरे तर आपल्या नावाने येणाऱ्या हाकेला दुसऱ्याने 'ओ' देण्याची ती व्यवस्था आहे. सल्लागाराशी बिनसले, त्याने नंबर बदलला, की आपली कंपनी आपल्यालाच परकी होते.

आणि हाक ऐकू आली नाही, ही सबब फारशी चालत नाही. चेक न वटल्याचेच उदाहरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवतो, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. नोटीस योग्य पत्त्यावर रीतसर टपालाने पाठवली असेल तर ती मिळाली असेच गृहीत धरले जाते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट करताना एक फट ठेवली: नोटीस खरोखरच मिळाली नसेल तर कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरता येतात. पण ते समन्सही त्याच पत्त्यावर येणार! (रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टच्या पाकिटाकडे जाहिरात समजून दुर्लक्ष करू नये.)

वाडीला आणखी एक गोष्ट लागू आहे, जी पुण्याच्या सल्लागाराच्या ध्यानात येणार नाही. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढले, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की आपण स्नानाला गर्दी करतो. पण २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी तिथे थांबले नाही. घरे सोडून लोकांना बाहेर पडावे लागले. अशा दिवसांत रजिस्टर्ड ऑफिस पाण्यात, कंपनीच्या वह्या पाण्यात, आणि टपाल कुठे तरी अडकलेले. कलम १२८ प्रमाणे संचालक मंडळाच्या ठरावाने हिशेबाची पुस्तके भारतात दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतात, निबंधकाला सात दिवसांत कळवले की झाले. ती संगणकावर ठेवण्याचीही मुभा आहे. पूररेषेतल्या प्रत्येक कंपनीने हे जून लागण्याआधी करून ठेवावे.

आता पुन्हा त्या सुनेकडे. संसारात बिनसले आणि ती घर सोडून गेली, असे समजा. अशी घरे असतात. आपण त्यांच्याबद्दल रेडिओवर बोलत नाही एवढेच. ती अजून कंपनीची संचालक आहे. राहण्याचा पत्ता बदलला की तो ३० दिवसांच्या आत कळवणे तिला बंधनकारक आहे. तो कंपनीच्या वहीत चढणार, आणि वही पाहण्याचा हक्क भागधारकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तिला संरक्षण आदेश मिळू शकतो, नवऱ्याने तिच्याशी संपर्क साधू नये असे न्यायालय बजावू शकते. पण कंपनी कायद्यात तिचा पत्ता झाकण्याची सोय नाही.

तिच्यापुढे एक वाट उरते: नवा पत्ता कळवण्याची वेळ येण्याआधीच संचालकपदाचा राजीनामा. तो कंपनीला मिळाला त्या दिवशी, किंवा त्यात पुढची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेला लागू होतो. कुणी तो मंजूर करण्याची गरज नसते. नवऱ्याने निबंधकाला कळवायला टाळाटाळ केली तर तिला स्वतःलाही कळवता येते. पदावर असताना झालेल्या गोष्टींची जबाबदारी राजीनाम्याने संपत नाही, म्हणून सह्या केलेल्या कागदांच्या प्रती आधी हाती घ्याव्यात. भाग तिच्या नावावर असतील तर भागधारकांच्या वहीतही पत्ता असतो. तिथला जुना पत्ता बदलण्याआधी वकिलाशी बोलावे. आणि राजीनाम्याच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून वकिलाच्या ऑफिसचाच पत्ता घालावा.